पिस्कॅटवेचे प्लेनोकाका

प्लेनोकाका पिस्कॅटवेत राहत आणि टेक्सासच्या वेळेवर जगत. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे असे, मनगटावरचंही. नवा माणूस घरी आला की भल्या मनाने खुर्चीवर चढून ते नीट करायला जाई आणि काका खालून ओरडत, "अहो, हात लावू नका! ते बरोबर आहे. आपणच पुढे आहोत." टेक्सासात प्लेनोला त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी, जावई आणि नात ईरा राहायची. आज तिथे ऊन किती, तिथल्या हायवेवर गर्दी किती, गारा पडल्या का, हे सगळं काकांना इथे न्यू जर्सीत बसून ठाऊक. आम्ही त्यांना प्लेनोकाका म्हणायला लागलो आणि त्यांचं खरं आडनाव मला तब्बल वर्षभराने कळलं.

मी विद्यापीठात शिकायला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. पहिल्याच थंडीत बसस्टॉपवर कुडकुडत होते, तर एक जुनी गाडी पुढ्यात थांबली. "मराठी ना? बस आत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोक्यावरून कानाखाली मफलर बांधून हनुवटीशी गाठ मारणारी दुसरी जमात या देशात नाही. बस लवकर, चालायची हौस उन्हाळ्यात भागव." मी मुकाट्याने बसले. पुढे बरीच वर्षं त्या गाडीत बसत राहिले.

काका तेव्हा साठीला टेकले होते. पुढे वारलेल्या बहिणीच्या ओळखीवर सांगलीहून आले तेच मुळी उशिरा, मुलगी कॉलेजात जायच्या वयाची झाल्यावर. एका लहान कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायचे. आधी काकू गेल्या, मग कारखाना बंद पडला आणि मग काकांच्या हृदयाने मान टाकली. रक्तवाहिनीत जाळी बसवून ते घरी आले तेव्हापासून भारतीय वाणसामानाच्या दुकानात काउंटरवर थोडा वेळ बसत. नोकरीची वर्षं थोडी, म्हणून पेन्शनही थोडकी. पण डॉक्टर, औषधं, तपासण्या यांची काळजी नव्हती. ती बाजू न्यू जर्सी सरकार बघत होतं.

"मग इथे एकटे काय करताय? मुलीकडे जा की!" असं त्यांना कुणीही म्हणे. मीही म्हटलं. तेव्हा काकांनी मला समोर बसवलं आणि अमेरिकेचा आरोग्य कायदा सांगली पद्धतीने समजावला. "हे बघ, पंगत बसलीय. वॉशिंग्टन वाढायला निघालं. म्हणालं, गरिबांच्या विम्याचा खर्च बहुतेक आम्ही देतो, तुम्ही फक्त वाढून घ्या. कोर्ट म्हणालं, जबरदस्ती नाही, ज्याला हवं त्यानं घ्यावं. न्यू जर्सीनं पान पुढे केलं. टेक्सासनं पानावर आडवा हात धरला. आणि उपाशी कोण राहिलं? ज्याला भूक होती तो."

"पण तिथे विमा विकत मिळतो ना? सरकार मदत करतं म्हणे."

"करतं की! पण त्यासाठी आधी गरिबीच्या रेषेच्या वर कमवावं लागतं. रेषेच्या खाली राज्यानं बघायचं, असा मूळ बेत होता. राज्य बघत नाही. म्हणजे मी जास्त गरीब म्हणून मला मदत नाही. आहे की नाही गंमत?" त्यात गंमत कसली, ते मला काही कळलं नाही.

जावयाने पूर्ण किमतीचा विमा घ्यायची तयारी दाखवली होती. काकांनी साफ नाही म्हटलं. "जावयाच्या नोकरीवर माझं हृदय चालायला नको. उद्या त्याची नोकरी गेली तर दोघं एकदम बसू." पासष्ट पूर्ण झाली की केंद्र सरकारचं म्हाताऱ्यांचं विमाकार्ड मिळतं आणि ते पन्नासही राज्यांत चालतं. तोवर थांबायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. लोक वय लपवतात. काका आपला प्रत्येक वाढदिवस मुंबईहून गावी निघालेल्या माणसाने स्टेशनं मोजावीत तसा साजरा करत.

मराठी मंडळाच्या गणपतीत परराज्यातला पाहुणा दिसला की काका त्याला गाठत. गाव कुठलं, नोकरी काय, असलं काही नाही. एकच प्रश्न, "तुमच्या राज्यानं घेतलं का?" एकदा जॉर्जियाहून आलेल्या एका बाईंना वाटलं श्रीखंडाबद्दल विचारताहेत. त्या लाजून म्हणाल्या, "हो, दोनदा घेतलं." काका दिवसभर हसत होते. पण राज्य कुठलंही असो, शेवटी गाडी टेक्सासवर येई.

संध्याकाळचं जेवण ते प्लेनोच्या वेळेला जेवत. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवलेला, त्यात ईरा. तिकडे तिचा वरणभात, इकडे यांचा. लहान असताना ती आजोबांनी घास घेतल्याशिवाय घास घेत नसे. मोठी झाली तशी फटकळ झाली. "आजोबा, यू च्यू सो लाऊड!" काका खूश होऊन मुद्दाम मचमच करत. मी कधी वाटी परत करायला खाली गेले की मलाही पडद्यासमोर उभं करत आणि म्हणत, "ही माझी वरच्या मजल्यावरची मुलगी." ईरा म्हणे, "हाय, अपस्टेअर्स मावशी."

फोन बंद झाला की मात्र घर एकदम रिकामं होई. काकांचा ताकभात उरलेला असे. ते फोन तसाच बरणीला टेकलेला ठेवत आणि काळ्या पडद्याकडे बघत जेवण संपवत. मला एकदा म्हणाले, "लोक म्हणतात, एकट्यानं जेवायची सवय होते. खोटं आहे गं. नाही होत." माझे आईवडील नागपुरात, मी इथे. मलाही ते पुरतं ठाऊक होतं.

एका दिवाळीला ते प्लेनोला गेले. जाताना इतके हरखले होते की थंडीचा कोटच विसरले. पंधरा दिवसांसाठी गेले आणि मुक्काम वाढत गेला. मंजिरीला वाटलं, बाबा रुळलेत, आता राहतीलच. त्यांचं टपाल इकडे पडून राहू नये म्हणून तिने परस्पर पत्ता बदलून प्लेनोचा करून टाकला. मुलीची माया, दुसरं काय? पण न्यू जर्सी सरकारला माया वाचता येत नाही. माणूस टेक्सासात राहायला गेला असं समजून त्यांनी काकांचा विमा बंद केला. औषध संपत आलं म्हणून काकांनी इकडच्या केमिस्टला फोन केला तेव्हा त्याने ते सांगितलं. ईराचा वाढदिवस चार दिवसांवर होता, तो टाकून काका परत आले. मी विमानतळावर घ्यायला गेले तर म्हणाले, "तिला रागवू नकोस हं. तिनं मला ठेवून घ्यायचा प्रयत्न केला, एवढंच." विमा परत सुरू होईपर्यंत काका जिने सांभाळून चढत आणि मी वर, कान खालच्या दाराकडे लावून, जीव मुठीत धरून बसे.

त्यानंतर ते प्लेनोला गेले नाहीत. मी चिडायचे. मला तडजोडी आवडत नाहीत आणि त्या वयात तर मुळीच आवडत नव्हत्या. "काका, एवढं काय जपायचं? जा, राहा, होईल ते होईल!"

"होईल ते मंजिरीच्या डोक्यावर होईल," ते शांतपणे म्हणाले. "मला काही झालं तर ती घर विकेल, पण मला वाचवेल. ओळखतो मी तिला. म्हणून इथे बसलोय." मी दार आपटून वर गेले.

माझं शिक्षण संपलं, जवळच नोकरी लागली. काका चौसष्टचे झाले, मग पासष्टचे. कार्ड आलं तेव्हा त्यांनी दुकानात पेढे वाटले. त्याच महिन्यात जावयाच्या कंपनीने प्लेनोच्या ऑफिसातली निम्मी माणसं काढली. जावयाला म्हणाले, पुण्याच्या ऑफिसात जायचं तर जा, नाहीतर नोकरी नाही. तो तयार झाला. काय करणार? काकांचं ते कार्ड अमेरिकेबाहेर चालत नाही. आणि आता पन्नासांतल्या एकाही राज्यात त्यांचं माणूस नव्हतं.

मंजिरी म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला." काकांनी जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, मग स्वतःच्या हृदयाला विचारलं. दोघंही नाही म्हणाले. मग ते प्लेनोला गेले, इतक्या वर्षांनी, बिनघोर, कार्ड खिशात घेऊन. सामान बांधायला मदत करायला.

पुढे दोन हिवाळे ते पिस्कॅटवेतच राहिले आणि तिथेच गेले. इस्पितळात कुणी कसलाही प्रश्न विचारला नाही. कार्ड उत्तम चाललं. मंजिरी पुण्याहून पोचेपर्यंत जवळ मीच होते. पण काका म्हटलं की मला इस्पितळ आठवत नाही. प्लेनोचं घर रिकामं करून ते परतले, त्या दिवशीचा नेवार्क विमानतळापासूनचा रस्ता आठवतो.

काका गाडीत बसले, पट्टा लावला. मग म्हणाले, "त्यांच्या घरात वर एक खोली होती गं. खिडकीशी पलंग, स्वच्छ चादर. मी तीही उचलायला गेलो तर ईरा म्हणाली, 'दिस वॉज युवर रूम, आजोबा. नोबडी स्लेप्ट हिअर. आय डिडन्ट लेट देम.'"

मी समोर बघत गाडी चालवत होते.

"मग विचारलं तिनं. 'हाऊ कम यू नेव्हर केम बॅक?' आता दहा वर्षांच्या पोरीला राज्यं आणि कायदे काय सांगू? म्हटलं, बाळा, आजोबा आजारी होते."

"मग?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, हातातच धरून ठेवला. "म्हणाली, 'दॅट्स व्हेन यू वेअर सपोज्ड टू कम.'"