चौथी भिंत

ओल्या शेवाळाचा वास आला की मला सोनई गावचं माझं सासर आठवतं. दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरीचा तळ दिसू लागला, तेव्हा मामंजींनी तिच्यातले मासे घमेल्यातून परसातल्या हौदात आणून सोडले. त्यांना उचलायला जाळं म्हणून काठीला बांधलेली पिठाची जुनी चाळण होती, बाकी काही नाही. मी नवी सून. कामसू दिसावं म्हणून एका दुपारी मासे नि पाणी घागरींत काढून ठेवलं, राखेनं हौदाचं शेवाळ घासून तो लख्ख केला आणि तेच पाणी परत ओतलं. दोन दिवसांत मासे कोऱ्या भिंतींना तोंड लावत फिरू लागले. मामंजी काठाशी उकिडवे बसले. आता बोलणी खावी लागणार, म्हणून मी दारातच थबकले. ते हळूच म्हणाले, "पोरी, तू घासून काढलंस ते त्यांचं ताट हुतं." मग त्यांनी आपल्या वाटणीच्या मिलोच्या, रेशनवरच्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीतली अर्धी कुस्करून पाण्यात टाकली. परवा मुलानं आमच्या परसातल्या माशांच्या तळ्याला पंप नि फिल्टर बसवला. "आता भिंती घासून चकाचक ठेव," म्हणाला. तीन ठेवते. चौथीला कुणाला हात लावू देत नाही.