कंट्रोल : वाढ नाही

हे अडतीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही, देवालासुद्धा नाही — देवापुढे बसले की मी पटकन दुसरा विषय काढायची. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका बाईला सांगितलं. ती कोण, ते येईलच. आता तुम्हाला. मध्येच मी उठायला लागले तर मला खाली बसवा. नेमक्या अशा वेळी मला गॅसवरचं दूध आठवतं.

आधी त्या बयेची ओळख करून देते. बया म्हणजे मीच — तिशीला टेकलेली, अंधेरीतल्या एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी, जोडीला पीएचडी. वडील गिरणीत, आई मालवणकडची, घराण्यातली पहिली एम.एस्सी. मी. माज किती असावा? पांढरा कोट खरं तर प्रयोगशाळेतच ठेवायचा असतो. मी तो धुवायच्या निमित्ताने मुलुंडला घरी आणायची आणि गॅलरीत, अगदी रस्त्याच्या बाजूला वाळत घालायची. दोन-दोन दिवस काढायची नाही. जंतूंचा अभ्यास करणारी ही विदुषी आठवड्याभराचे जंतू अंगावर वागवत घरी येत होती. पण बिल्डिंगला कळायला नको का, दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं ते?

माझा विषय होता घरगुती स्वयंपाकघरांतून विकलं जाणारं शिजवलेलं अन्न. उपनगरात तेव्हा पोळी-भाजी केंद्रं नुकती निघायला लागली होती. नोकरी करून थकून येणारी बाई वाटेवर चार पोळ्या नि पावशेर भाजी घ्यायची आणि सासूला सांगायची, सकाळीच करून ठेवली होती. मी घाटकोपर ते मुलुंड हिंडून या केंद्रांतले नमुने गोळा करायची. निर्जंतुक बाटली, ज्योतीवर धरलेला चमचा, बर्फाचा डबा. आणि महिनोन्‌महिने काय सापडलं? काही नाही. बाया स्वच्छ होत्या.

एकीच्या तरी भाजीत काहीतरी निघू दे मेलं — असं मी म्हणायची. खरंच म्हणायची. लोकांच्या जेवणात रोग निघावा म्हणून आस लावून बसलेली! पण ‘काही आढळलं नाही’ हे कोण छापणार? आमचे सर तोंडावर सांगायचे, “नलिनी, निगेटिव्हवर पीएचडी होत नाही.”

माझ्या यादीत एक केंद्र घाटकोपरचं होतं. एका महिला मंडळाच्या हॉलमागे छोटं स्वयंपाकघर, तिथे सुमन गायकवाड पोळी-भाजी करायची. माझ्याच वयाची, नवरा आजारी, मराठवाड्यातून आलेली. ओट्यावर भिंतीला बुद्धाची तसबीर, खाली घासूनपुसून पालथी घातलेली भांडी. तिने मला पहिल्याच दिवशी चप्पल बाहेर काढायला लावली होती. “मॅडम, तपासायला आलात ना? मग पाय धुऊन या,” म्हणाली. मला राग आला. मी कोट घातला होता ना!

तर असं. आता येतेच मुद्द्यावर — पण त्याआधी अंगठा.

रविवारी कोलंबी सोलताना माझ्या उजव्या अंगठ्यात काटा गेला होता. दोन दिवसांत नखुरडं झालं. नखाच्या कडेला पिवळं, ठणकणारं. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिने माझ्या हातातून परात काढून घेतली. “ह्या आंगठ्यान पीठ मळू नको गो. मी मळतंय.” शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हे कळत होतं. मी हसले, अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि अंधेरीला जाऊन त्याच अंगठ्याने सुमनच्या बटाट्याच्या भाजीचे नमुने लावले. हातमोजे तेव्हा मोजून मिळायचे आणि मोज्यात अंगठा ठणकायचा. सर पुढच्या आठवड्यात परिषदेला जाणार होते. त्यांना आकडे हवे होते. पण हे कारण नव्हे. मी थांबले असते तर आभाळ कोसळलं नसतं.

कंट्रोल म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अन्न पातळ करून आम्ही ते प्लेटमध्ये, म्हणजे काचेच्या झाकणाच्या बशीत, जंतूंच्या खाद्यावर पसरतो आणि उबेत ठेवतो. जंतू असला तर ठिपके उगवतात. पण दर वेळी एक प्लेट अशी ठेवायची की तिच्यात अन्न घालायचंच नाही. बाकी सगळं तेच — तेच पाणी, तोच हात. तीच कंट्रोल. ती कोरी राहायला हवी. तिच्यावर काही उगवलं तर जंतू अन्नातला नाही, तुमचा आहे. मग त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा फेकायच्या आणि पुन्हा करायचं. यात वाद नाही, चर्चा नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे माहीत असतं.

मी शोधत होते तो जंतू स्टॅफ. पिकलेल्या जखमेत राहतो, अन्नात पडला तर असं विष करतो की अन्न परत उकळलं तरी जात नाही. आमच्या माध्यमावर तो काळा कुळकुळीत उगवतो, भोवती स्वच्छ गोल. अगदी टिकलीसारखा.

दोन दिवसांनी मी प्लेटा बाहेर काढल्या. सुमनच्या भाजीच्या सगळ्या प्लेटा टिकल्यांनी भरलेल्या. माझ्या छातीत आनंदाने धडधडलं. हो, आनंदाने — तोच शब्द आहे. मग मी कंट्रोल उचलली.

तिच्यावरही टिकल्या.

मी अंगठ्याकडे पाहिलं. चिंधीतून पिवळं आलं होतं. न कळण्यासारखं काही होतं का? शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. मी कंट्रोलची प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकली, म्हणजे वाफेत शिजून मरायला, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : कंट्रोल — वाढ नाही. अक्षर सुंदर आलं. माझं अक्षर फार सुंदर होतं हो, सर सगळ्यांना दाखवायचे.

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, बरं, तरुण होती, घाबरली, चुकली. म्हणून थांबत नाही. याहून वाईट पुढे आहे, आणि ते मी आज सांगणारच आहे.

सुमनची उरलेली भाजी फ्रीजमध्ये होती. माझी झोप उडाली होती म्हणा, किंवा आपली लबाडी निदान खरी तरी निघावी अशी आशा म्हणा — अंगठा फोडून घेतल्यावर, पट्टी, वर रबरी टोपण, वर मोजा असा सगळा साज चढवून मी ती भाजी गुपचूप पुन्हा लावली. दोन दिवसांनी पाहिलं. कंट्रोल कोरी. आणि भाजीच्या प्लेटाही कोऱ्या. एक टिकली नाही. सुमनच्या भाजीत तो जंतू नव्हता.

त्या प्लेटा मी कुठल्याच रजिस्टरात लिहिल्या नाहीत.

मधल्या काळात सरांनी आपला धर्म म्हणून मंडळाला कळवलं होतं. मंडळाने बैठक बोलावली आणि मला समजावून सांगायला बोलावलं. मी गेले. कोट घालून गेले, अंधेरीहून घाटकोपरला, बसमध्ये सगळ्यांनी बघावं असा. हॉलमध्ये सतरंजीवर वीसेक बाया, अध्यक्षीणबाई खुर्चीत, सुमन दाराजवळ उभी. मी जंतूचं नाव सांगितलं, तो हातावरून येतो हे सांगितलं. सगळं शास्त्र खरं होतं. पुस्तकात बघून घ्या, एक शब्द चुकीचा नव्हता.

अध्यक्षीणबाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “मी आधीच म्हणत होते. कुणाच्या हातचं आपण खातो ते बघायला नको का?” कुणी विचारलं नाही, म्हणजे काय म्हणून. सगळ्यांना कळलं होतं. मलाही. आणि मला आतून बरं वाटलं — माझं खोटं आता मला एकटीला उचलून धरावं लागणार नव्हतं. ते त्यांना आयतंच पटलं होतं. दुसऱ्या कुणा बाईच्या भाजीत हे निघालं असतं तर चार जणींनी विचारलं नसतं का, की बाई, पुन्हा एकदा बघा, काही चूक तर नाही ना? सुमनसाठी कुणी विचारलं नाही.

सुमननेच विचारलं. पुढे आली, दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांवर चटके, बाकी लख्ख. “मॅडम, बघा ना माझे हात. आहे का कुठे जखम?”

माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

“ते डोळ्यांना दिसत नाही,” मी म्हणाले.

“मग परत करा टेस्ट. माझ्यासमोर करा. लागेल तेवढी भाजी देते.”

आणि मी — जिने ती टेस्ट परत केली होती, जिला उत्तर माहीत होतं — मी म्हणाले, “त्याची गरज नाही.”

हे ते वाक्य. रजिस्टरातलं खोटं मी घाईत लिहिलं. हे मात्र सावकाश, शुद्ध मराठीत, तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

त्या आठवड्यात मंडळाने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. माझा निबंध छापून आला, पीएचडी झाली, पेढे वाटले. पेढे! आणि पुढे पंचवीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की कंट्रोलशी कधी खोटं बोलू नका. त्या तासाला माझा आवाज भरून यायचा. पोरं म्हणायची, मॅडम किती तळमळीने शिकवतात.

मग आता का? पश्चात्ताप उफाळून आला वगैरे म्हणू नका. माझी नात ईशा मायक्रोबायोलॉजीला आहे. तिला माझा तो निबंध कुठेतरी ऑनलाइन सापडला. फोन नाचवत आली. “आजी, तू तर फेमस आहेस यार! आणि काय क्लीन कंट्रोल गं तुझा! माझ्या कंट्रोलवर दर वेळी काहीतरी उगवतंच. मग सगळी वाट. आख्खं परत.”

“मग तू काय करतेस?” मी विचारलं.

“काय करणार? परत करते ना.”

इतकंच. पोरीला त्यात काही विशेष वाटलंही नाही.

सुमनला शोधायला मला तीन आठवडे लागले. घाटकोपरची ती इमारत पाडून टॉवर झालाय, पण मंडळातली एक म्हातारी जिवंत निघाली आणि तिला सुमनचा मुलगा कुठे राहतो ते ठाऊक होतं — देवनारच्या बाजूला. मी गेले. सुमनने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही, मी उभ्यानेच सांगितलं. अंगठा, कंट्रोल, दुसऱ्यांदा लावलेल्या प्लेटा, सगळं. ती मटार सोलत होती. शेवटपर्यंत सोलत राहिली.

मग म्हणाली, “कुलूप लागल्यावर मी बारा वर्षं लोकांच्या घरी भांडी घासली. त्याच लोकांच्या. खरकटं माझ्या हाताला चालत होतं त्यांना.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. “ते राहू द्या. तुम्ही तेव्हा छापलं होतं ना? मग आता हे छापा. नाव घाला माझं. पूर्ण घाला.”

निबंधात तिचं नाव नव्हतं, नुसता ‘केंद्र क्रमांक पाच’ होता. पण घाटकोपरला ते कुणाला वेगळं सांगावं लागलं नव्हतं. ज्या नियतकालिकाने निबंध छापला, त्याच्या संपादकांना मी सोमवारी पत्र पाठवलं : निबंध मागे घ्या, आकडे खोटे आहेत, ते मी केले. ज्यांनी पीएचडी दिली त्यांनाही कळवलं. ती काढून घेतली तर घेऊ देत. ईशाला परवा समोर बसवून सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मी तिला बोल म्हणून सांगितलेलं नाही.

राहिलं सुमनने मागितलेलं. ते लिहिते.

घाटकोपरच्या पोळी-भाजी केंद्राच्या सुमन रामदास गायकवाड यांच्या अन्नात जंतू आढळल्याचा अहवाल खोटा होता. जंतू माझ्या उजव्या अंगठ्याच्या जखमेतले होते. कंट्रोलवर वाढ होती; मी ‘नाही’ असं लिहिलं. पुन्हा तपासल्यावर सुमनबाईंच्या अन्नात तो जंतू आढळला नाही. ते मी लपवलं. त्यांनी सर्वांसमोर फेरतपासणी मागितली. मी नाकारली. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं.