परशरामाचा हात आणि चंद्रीचा पान्हा

खानापूरजवळच्या त्या गावात परशरामाच्या हाताची मोठी ख्याती होती आणि ती पसरवायचं काम परशराम स्वतःच करत असे. "आमची चंद्री माझ्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाय," हे त्याने बेळगावच्या कचेरीत साहेबांनाही ऐकवलं होतं. साहेब कन्नड. त्यांना पान्हा म्हणजे काय ते समजावण्यात जेवणाची सुट्टी संपली.

घर जुन्या पद्धतीचं. निम्म्यात माणसं, निम्म्यात म्हैस, मध्ये कमरेएवढी भिंत. सकाळ-संध्याकाळ परशराम आधी बातम्या बघायला भिंतीअलीकडच्या कॉम्प्युटरचं बटण दाबी आणि बादली घेऊन चंद्रीखाली जाऊन बसे. तेवढ्यात ते जुनं यंत्र दणदणीत सूर काढी. पडद्यावर काही दिसायला मात्र इतका वेळ लागे, की धार काढून होई.

सकाळच्या सुराने मुलगी आरोही अंथरुणात ताडकन उठून बसे. एका रात्री ती म्हणाली, "आप्पा, ह्याचा आवाज बंद करते. छातीत धडकी भरते माझ्या."

"बंद हुतोय?" परशराम उडालाच. बुलेटला आवाज असतो तसा ह्यालाही असणार, अशी त्याची समजूत. आरोहीने सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली, झालं.

सकाळी चंद्रीने परशरामाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. थेंब नाही! सरकी घातली, रेडकू लावलं, गोंजारलं. नाही म्हणजे नाही.

"हात कुठं इसरून आलासा?" आक्काताईने, त्याच्या बायकोने, विचारलं.

खानापूरहून डॉक्टर आला. म्हैस ठणठणीत आहे म्हणाला. म्हणजे बिघाड हातातच! परशराम कचेरीत उरलेला दिवस तळवा उलटासुलटा करून बघत बसला.

संध्याकाळी तो लेकीला म्हणाला, "बाय, त्यो आवाज तेवढा परत लाव. घरात सुतक असल्यागत वाटालंय."

आरोहीने खूण केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. सूर घुमला आणि भिंतीपलीकडे चंद्रीचे कान ताठ झाले. ती हंबरली. तिच्याजवळ चिटपाखरू नव्हतं, आणि सडांतून दूध आपोआप जमिनीवर ठिबकू लागलं!

परशरामाने आ वासला. त्याने चंद्रीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, तळव्याकडे बघायचं धाडस काही झालं नाही.

"आरोहे, गावात बोलशील बघ कुणाजवळ!"

आरोहीला हसू आवरत नव्हतं. आक्काताई तोवर बादली घेऊन बसलीही होती. फेस काठावर आला तशी म्हणाली, "हिला हात कुणाचा बी चालतोय. उद्यापासनं धार मी काढते. तुम्ही आपलं बटण दाबा."

परशरामाने बटणावरची धूळ बोटाने पुसली. मग हळूच म्हणाला, "पण बटण माझ्याच हातानं, न्हवं?"

"व्हय, तुमच्याच," आक्काताई मान न वळवता म्हणाली.