वाढलेला स्वेटर

आजही कुणाच्या अंगणात लोकरीचा कपडा दोरीवर वाळत घातलेला दिसला की मला चोपड्याची ती केस आठवते आणि हसू येतं. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझी शेवटची नेमणूक होती. चोपड्याच्या एका गेस्ट हाऊसच्या मालकाचा ठाण्यावर फोन आला, की कामवालीने परदेशी पाहुणीचा महागडा स्वेटर लंपास करून त्याच्या जागी जुनेर ठेवलंय. पाहुणी सत्तरीची, हिमालय फिरून आलेली. तिने दोन पांढरे स्वेटर धुवायला दिले होते. एक मेरिनो मेंढीच्या लोकरीचा, दुसरा अल्पाका नावाच्या, उंटाच्या कुळातल्या प्राण्याच्या लोकरीचा. हा दुसरा तिच्या वारलेल्या बहिणीने विणलेला. मेरिनो जसाच्या तसा परत आला. दुसऱ्याच्या जागी जो आला तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता, आणि त्याची बाही मनगटाशी झिजलेली होती.

कामवाली गावचीच, गेस्ट हाऊसचं आणि आसपासच्या घरांचं काम करून संसार ओढणारी विधवा. पंचांसमक्ष तिच्या घराची झडती घेतली. हाती काही लागलं नाही, पण शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. चोरीचा शिक्का बसला असता तर तिला पुन्हा कुणी उंबरा ओलांडू दिला नसता. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

ठाण्यात महिला शिपायासमोर जबाब घेतला. फिरवून फिरवून विचारलं. तिचं एकच पालुपद.

"सायब, बदलूंक ना. तोच तो. वाडलो."

आमचे डिचोलीचे हवालदार, जिभेला हाड नसलेले. त्यांनी विचारलं, स्वेटर म्हणजे काय दुधी भोपळा, वाढायला? मालकाचा मुद्दाही पक्का होता. तोच हात, तेच पाणी, तीच दोरी, मग मेरिनो का नाही वाढला?

याचं उत्तर बायकोकडे असेल असं वाटलं. सुनेच्या बाळंतपणाला लंडनला गेलेली आमची बायको विणकामाचं वेड घेऊन परतली होती आणि जेवताना मला लोकरीचे प्रकार ऐकवायची. मी नुसता हूं हूं करायचो. तिला ठाण्यात बोलावलं.

पाहुणीसमोर तिने मेरिनोची कड ताणून सोडली. ती पटकन जागेवर गेली. अल्पाकाची ताणली, ती तशीच सैल राहिली. तिने सांगितलं, मेरिनोचा धागा मुळातच कुरळा, म्हणून तो आवळून येतो. अल्पाका जास्त ऊबदार, रेशमासारखी मऊ, पण अंगात ताण नाही. ओली टांगली की आपल्याच वजनाने खाली उतरत जाते.

मग तिने तो स्वेटर बाल्दीतल्या कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलात गुंडाळून दाबला, टेबलावर आडवा पसरला आणि मेरिनोच्या मापाने हलक्या हातांनी चहूबाजूंनी आत सारला. पंचांसमक्ष खोलीला कुलूप घातलं.

वाळल्यावर पाहुणीने तो अंगात घातला. मनगटाशी दिसणारी झीज बरोबर कोपरावर येऊन बसली. बहिणीच्या आजारपणात तिच्या उशाशी कोपर टेकून बसून बसून ती जागा विरली होती. म्हातारी तिथेच खुर्चीत बसून रडली.

तिच्या सांगण्यावरून मालकाने तक्रार मागे घेतली. कामवालीला मी म्हटलं, बाई, आता घरी जा. ती हलेना.

"सायब, झडती घेतली ती सगळ्यांनी पळयली. आतां तुमी सांगतात, तेंय सगळ्यांनी आयकूंक जाय."

पाहिलं सगळ्यांनी, तर ऐकायलाही सगळ्यांनीच हवं, हे मला पटलं. मी गणवेशातच तिच्या दारात गेलो. शेजारणी जमल्यावर मोठ्याने सांगितलं, की या बाईने चोरी केलेली नाही, आमचाच गैरसमज झाला होता. सोबत आलेल्या पाहुणीने सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला.

एवढ्या नोकरीत मी एक पाहिलं, खोटं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला पटेल असंच बोलतो. लोक हसत असतानाही जो एकच वेडपट वाक्य धरून बसतो, त्याचं म्हणणं आधी तपासावं. आणि ज्या दारात माणसाचं नाव गेलं, त्याच दारात जाऊन ते परत द्यायचं असतं, हे मला त्या बाईने शिकवलं.