योरुनचा मोजा

योरुन आमच्या फिओर्डकाठच्या, डोंगरात शिरलेल्या खाडीच्या काठावरच्या गावातल्या लोहाराची लेक. बाप क्नुट थकला, त्याचे हात लटपटायला लागले, तशी तिनं हातोडी उचलली. गाव म्हणालं, बाईच्या हातचं लोखंड, टिकतंय व्हय! घोड्याचे नाल तेवढे तिच्याकडं यायचे, आणि ट्रॅक्टर आल्यावर घोडे तरी किती उरले? अशात चर्चच्या सतरा दगडी पायऱ्यांना कठडा करायचं काम तिला मिळालं. कमिटीनं पसंत केला तर पुढची कामं येणार, न्हाईतर बापाच्या भट्टीला कुलूप.

सळई तिनं निवडली ती एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं गोल. गाजर उभं चिरावं तशी. सपाट अंग खाली कठड्याच्या उभ्या गजांवर घट्ट बसतं, गोल अंग वर मुठीत येतं. पाणी त्यावर ठरत नाही, मग बर्फही धरत नाही. पण तापवून वाकवली की गोलाई चेपते. योरुन सळई खोबणीच्या ठोकळ्यात बसवून दमादमानं वाकवायची. दोन्ही टोकांना तिनं मेंढ्याच्या शिंगाचा वळसा दिला, आणि गोलाई पार टोकापर्यंत जशीच्या तशी. असलं काम क्नुटला जन्मात जमलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर कमिटीचा हाल्वर कठड्यावरनं तळवा फिरवत खाली आला.

"दिसतोय बरा. पण ह्ये सांधे? म्हाताऱ्यांचे हात फाटायचे. शहरातनं आणला असता तर..."

"तुमच्या तळव्याचं काय खरं, काका? वल्ही मारून घट्टे पडल्यात. खिळा टोचला तरी कळायचा न्हाई."

एवढं बोलून ती वरच्या पायरीवर बसली, बूट काढला आणि पायातला रविवारचा तलम मोजा सोलून काढला. हाल्वर आभाळाकडं बघायला लागला.

"अगं, देवाच्या दारात!"

"पाय देवानंच दिल्यात. तुमी कठड्याकडं बघा."

मोजा मुठीत घेऊन ती सळईवरनं सरकवत खाली निघाली. तेराव्या पायरीपाशी थांबली. आम्हाला काही दिसलं नव्हतं. मूठ झाकून पुढं गेली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिनं मोजा वर धरला. एक धागा ओढला गेला होता.

"हितं हाये कुसळ," ती म्हणाली. खिशातनं कानस काढली, सांधा घासला. मग दुसरा मोजा काढला आणि अनवाणी, गारठलेल्या दगडावरनं वर जाऊन पहिल्या पायरीपासनं पुन्हा सुरुवात केली. या खेपेला मोजा थेट शिंगाच्या टोकापर्यंत लोण्यावरनं सरकावा तसा गेला.

हाल्वरनं घसा खाकरला.

"घाल त्ये पायात आधी. आजारी पडलीस तर धक्क्यावरच्या जिन्याचा कठडा कोण करणार?"

योरुननं धागा ओढलेला मोजा पायात चढवला. "त्याला मोजे मातुर कमिटीचे," ती म्हणाली.

"माझे मागू नगंस हां!" मागनं हाल्वरची बायको ओरडली.