चष्मेवाल्याची मोठी आणि जळलेला ट्रान्सफॉर्मर

आमच्या चष्मेवाल्याच्या दुकानात गेलात, तर तुमच्या डोळ्यांकडे पाहण्याआधी तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, काय वेळेचा पक्का माणूस आहे. कसलं काय. घरी माशांच्या खाण्याची वेळ झाली का, एवढंच तो बघत असतो.

मी त्याच्या समोरच्याच दारात राहतो. आमच्या जिन्यात कुणाकडे काय शिजतं आणि काय करपतं, हे मला इतरांपेक्षा जरा लवकर कळतं. माझे कान अजून शाबूत आहेत. चष्मा मात्र त्याच्याच दुकानातला, त्यामुळे त्याच्याबद्दल मी जपून बोलतो.

तर त्याच्या हॉलमध्ये माशांची टाकी आहे. ती आली तेव्हा सोफा आतल्या खोलीत गेला. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्याकडे पाहुणे उभे असतात, मासे ऐसपैस असतात." टाकीत बारकी बारकी चिल्लर बरीच, पण खरी मालकीण एकच: तळहाताएवढी केशरी गोल्डफिश. नखाएवढी होती तेव्हा आणलेली. तिला तो 'मोठी' म्हणतो. बायकोने एकदा विचारलं होतं, "ती मोठी, मग मी कोण, धाकटी का?" हा शहाणा म्हणतो, "तुझं वय कुणी काढलंय?" पुढे आठवडाभर त्याचा चहा कोमट होता, हे मला त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

पण खरं सांगायचं तर मोठीवर त्याचा जीव होता. तो दारातून आत शिरला की ती काचेशी येऊन शेपूट हलवत उभी राहायची. घरातली बाकीची मंडळी तो आला की "आलात? येताना दूध आणलंत का?" एवढंच विचारायची.

अशात एका दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन जळाला. वीज कंपनीचा माणूस आला, खांबाकडे बघून मान हलवली आणि "संध्याकाळपर्यंत येईल" म्हणून गेला. कोणती संध्याकाळ, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

इतरांच्या घरी पंखा बंद पडला, ह्याच्या घरी श्वास बंद पडायची पाळी आली. टाकीत हवा सोडणारा पंप विजेवर, पाणी फिरवणारा फिल्टर विजेवर. तरी चष्मेवाला गाफील नव्हता. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप त्याने कपाटात जपून ठेवला होता. तो काढला, लावला, बुडबुडे यायला लागले. हा समाधानाने दुकानात गेला. परत येऊन बघतो तर बुडबुडे बंद आणि आतल्या खोलीत रेडिओ जोरात.

बायकोचा भाऊ 'चार दिवसांसाठी' आला होता, त्याला ऋतू उलटून गेला होता. तो रेडिओ पोटावर घेऊन लोळत होता.

"पंपातल्या बॅटऱ्या कुठायत?"

"मॅच रंगात आली होती, भाऊजी. मासे काय, पाण्यातच आहेत की."

"त्यांना हवा लागते."

"खिडकी उघडून ठेवलीये मी."

मॅचबरोबर बॅटऱ्याही संपल्या. बाजारात एक मिळेना. सगळ्या गल्लीच्या टॉर्चमध्ये जाऊन बसल्या होत्या. मग चष्मेवाल्याने हातात मग घेतला. टाकीतलं पाणी मगात घ्यायचं, वर उचलायचं आणि धार धरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. दिसायला सोपं, पण एकदा हात लावून बघा, खांद्याची बिजागरी ढिली होते. त्याने घरात पाळ्या लावल्या. पाळी ज्याची असे तो सोडून बाकी सगळ्यांना ती पटत होती.

"माझ्या तापात कधी असे उशाशी बसला नाहीत," धार सोडता सोडता बायको म्हणाली.

"तू बोलून दाखवतेस. ती बिचारी मुकी आहे."

"मग काय, मुकं राहायचं मी?"

चष्मेवाल्याने तिच्या हातातला मग घेतला आणि स्वतः धार धरली. लग्नाला बरीच वर्षं झाली की एवढी अक्कल येते.

पण एक गोष्ट तो घरादाराला बजावून बजावून सांगत होता. फिल्टर बंद आहे, तेव्हा माशांना काहीही खायला घालायचं नाही. खातील तेवढी घाण होईल आणि ती साफ करायला कुणी नाही. दुसरं, लाइट आली तरी फिल्टर चालू करायचा नाही. फिल्टरच्या टाकीखालच्या डब्यात पाणी साफ करणारे जिवाणू असतात. पाणी फिरायचं थांबलं की ते गुदमरून मरतात आणि डब्यात सडून बसतात. धुवायच्या आधी बटण दाबलं तर ती सगळी सड टाकीत. "विष कालवल्यासारखं होईल," तो म्हणायचा. हे त्याने इतक्यांदा सांगितलं की बायको वैतागून म्हणाली, "पुरे झालं हो तेच दळण. झोपेतही बडबडता, जिवाणू, जिवाणू."

वीज काही येईना. 'संध्याकाळपर्यंत'वाल्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. एका सकाळी टाकीचं पाणी ताकासारखं दिसायला लागलं. वासही सुटला. दोन बारके मासे उलटे तरंगत होते आणि मोठी पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडझाप करत होती.

चष्मेवाल्याने वाकून तळाशी पाहिलं. खाण्याचे दाणे फुगून पडले होते.

"कुणी खायला घातलं?"

कुणीच घातलं नव्हतं.

"आई, तुम्ही?" त्याच्या सासूबाई तिथेच असतात. टाकीसमोरचा स्टूल त्यांचा.

"मी कशाला घालू, जावईबापू? चिमूटभर तर घातलं. उपाशीपोटी अंधारात कशी राहतील ती?"

"मीही चिमूटच," बायको दुसरीकडे बघत म्हणाली. "सारखी तोंड उघडून मागत होती."

"ती हवा मागत होती."

मेव्हणा म्हणाला, "मी पाव घातला. दाणे संपतील म्हणून."

तिघांनी एकमेकांपासून लपवून तीन वेळच्या पंगती उठवल्या होत्या. चष्मेवाल्याने दाण्यांची पुडी उचलून खिशात घातली. "आई, मासे उपवासाने मरत नाहीत. तुमच्या मायेने मरतात."

सासूबाईंनी तरंगणाऱ्या माशाकडे बारकाईने पाहिलं. "तरी मला वाटलंच," त्या म्हणाल्या, "अशक्तपणाच होता."

आता पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इमारतीचा पंप बंद, म्हणजे गच्चीवरच्या टाकीत ठणठणाट. पाणी खालच्या नळावरून, जिना चढून. त्यातही नळाचं पाणी सरळ माशांना चालत नाही, बादल्यांत भरून उघडं ठेवावं लागतं. त्याने त्या आधीच भरून जिन्यात मांडल्या होत्या आणि त्यावरून सगळ्या बिऱ्हाडांशी एकेक भांडण करून झालं होतं. त्याच्या घरात माणसं तोंडं पुसून दिवस काढत होती. मला ते सगळं जिन्यातच ऐकू येत असल्यामुळे मी मुद्दाम दार उघडं ठेवून बसलो होतो. सल्ला द्यायलाही बरं पडतं. मी एवढंच सुचवलं, "नळीने फुंकून बघा की." मेव्हण्याने खरंच फुंकलं. टाकीत चार बुडबुडे आले आणि त्याला घेरी. निदान तेवढा वेळ तो गप्प पडून राहिला.

दुपार कलली तशी मोठी एका कुशीवर झुकायला लागली. चष्मेवाल्याने दुकान उघडलंच नव्हतं. निम्मं पाणी बदलून झालं होतं, उरलेलं बदललं की फिल्टरचा डबा धुवायचा, असा त्याचा बेत. तो बादली घ्यायला खाली उतरला आणि लाइट आली.

गल्लीत एकच गलका झाला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. लोक खिडक्यांतून एकमेकांना "आली, आली" सांगत होते. ह्या सगळ्यात एकटा चष्मेवाला बादली टाकून "बंद करा, बंद करा" ओरडत जिना चढत होता.

त्याचं चुकत नव्हतं. फिल्टरचं बटण त्याने पहिल्याच दिवशी स्वतः बंद केलं होतं. पण लाइट गेलेल्या घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. येताजाता जो तो प्रत्येक बटण वर-खाली करून बघतो, आली का, आली का. शेवटी कुठलं चालू नि कुठलं बंद, देवालाही सांगता यायचं नाही. त्यामुळे त्याच्या घरात एकदम मिक्सर घुरघुरायला लागला, टीव्ही किंचाळायला लागला, तिन्ही पंखे फिरायला लागले आणि टाकीखालचा डबाही गुरगुरला.

आणि लगेच सगळं बंद.

चष्मेवाला धापा टाकत दारात पोचला. त्याच्या मागून मीही, सहज. बायको मेन स्विचखाली स्टुलावर उभी होती, हात अजून खटक्यावर. मिक्सरमधली चटणी छतापर्यंत उडाली होती, तिकडे तिने पाहिलंही नव्हतं.

"नळीतून काळं येत होतं," ती म्हणाली. "थोडं गेलं आत. बाकी अडवलं."

तो टाकीशी धावला. काळा ओघळ फिल्टरच्या नळीपाशीच रेंगाळत होता. त्याने मगाने तो उपसून काढला, नळ्या सोडवल्या, डबा न्हाणीघरात नेला. जिन्यातली बादली बायकोनेच उचलून आणली आणि न सांगता धार धरून पाणी सोडायला लागली.

"अगं, मेन लाव," सासूबाई आतून म्हणाल्या. "शेजारी मालिका सुरू झाली."

"डबा धुऊन झाल्याशिवाय कुणी कशालाही हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

"पंखा तरी, ताई," मेव्हणा कण्हला.

"तू तर अजिबातच नाही."

दिवेलागणीला सगळी गल्ली झगमगत होती आणि समोरचं एकच घर काळंकुट्ट. वीज कंपनीचा तोच माणूस वर येऊन दार ठोठावून गेला, तुमच्याकडेच काही बिघाड आहे का म्हणून. बायकोने दार किलकिलं करून सांगितलं, "बिघाड नाही. आमचे मासे आजारी आहेत." तो पायऱ्या उतरताना दोनदा मागे वळून बघत होता.

आत मोठी सरळ झाली होती. पोहत नव्हती, पण कुशीवरही नव्हती. चष्मेवाला मेणबत्तीच्या उजेडात डब्यातला स्पंज पिळत होता आणि बायको त्याला सांगत होती, नीट पिळा, तो कोपरा राहिला.