ऑइलच्या पट्टीवरची खालची रेघ

बाबांच्या जुन्या डिझेल जीपचं ऑइल तपासायला दोन माणसं लागतात. एक बघणारं आणि एक पुन्हा बघणारं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. तिथे पाळी बदलताना जाणारा फिटर मशिनचं ऑइल बघून मोठ्यानं सांगायचा, येणारा स्वतः बघायचा, 'बरोबर' म्हणायचा आणि मगच पहिल्याची सुट्टी व्हायची. बाबा रिटायर झाले, पण ही रीत त्यांनी घरी आणली. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम होतो. दुसऱ्या पाळीला आई असायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि खरं सांगायचं तर मला तो डोक्याला ताप वाटायचा.

बाबा बॉनेट उघडणार, ऑइल मोजायची पट्टी ओढणार, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसणार, परत घालणार, परत काढणार. मग ती डोळ्यांसमोर आडवी धरून म्हणणार, "फुल आहे." मी म्हणणार, "बरोबर." सुरुवातीचे काही रविवार मी वाकून बघितलंही. पट्टीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं, एवढं मला कळतं. पण दर वेळी ते मध्येच असायचं. पुढे पुढे मी लांबूनच, चहाचा कप हातात धरून 'बरोबर' म्हणू लागले. म्हाताऱ्या माणसाचा छंद आहे, आपण हो म्हटलं की त्यांना बरं वाटतं, असा माझा हिशेब. स्वतःचं कौतुकही वाटायचं, की बघा, मी बापाचं मन कसं राखते.

त्या रविवारी देवळ्याला आत्याच्या नातीचा साखरपुडा होता, दुपारी बाराचा. आत्या आदल्या दिवशी खरेदीला नाशिकला आली होती आणि तिला घेऊन आम्ही निघणार होतो. तिच्या पिशव्या, मिठाईचे खोके, माझी साडी, सगळी नुसती धांदल. मी फोनवर गजरेवाल्याशी भांडत होते, तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "फुल आहे." फोनवर हात ठेवून मी म्हटलं, "बरोबर, बरोबर, चला आता."

बाबा गाडी चालवायला बसले. जीप ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. मी शेजारी, आत्या मागे पिशव्यांत बुडालेली.

पिंपळगावच्या पुढे माझं लक्ष समोर ठेवलेल्या फडक्याकडे गेलं. बाबा दर रविवारी ताजं, धुतलेलं फडकं घेतात आणि काम झाल्यावर त्यावर दोन मोठे काळे पट्टे असतात, एक पहिल्या पुसण्याचा आणि एक शेवटच्याचा. आज त्यावर नखाएवढा एक डाग होता. मी ते उचलून उलटं केलं. दुसरी बाजू स्वच्छ. म्हणजे पट्टीला तेल लागलंच नव्हतं की काय? मग स्वतःलाच समजावलं, असेल, घाईत नीट पुसलं नसेल. फडकं मी घडी करून पर्समध्ये टाकलं. का टाकलं, ते आजही सांगता येत नाही. बहुतेक ते नजरेसमोर नको होतं.

सोग्रस फाट्यावरून आत वळलो आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. आधी बारीक, मग बाबांनी गियर बदलला की जरा मोठी. ऑइल कमी झालं की लागणारा दिवा त्या गाडीत कधीच गेलेला. बाबांनी तो बदलला नव्हता, त्यांचा विश्वास पट्टीवर.

"टॅपेट वाजतायत," बाबा म्हणाले. त्यांचे कान अजून तिखट आहेत. "तेल कमी पडलं की वाजतात. पण तेलाचं तर काही नाही. तू बघितलंस ना?"

तेव्हाच सांगायचं. दोन शब्दांचं काम होतं. पण मागे आत्या बसलेली. तिच्या लेखी तिचा भाऊ म्हणजे यंत्रातला देव. देवळ्याकडच्या नातेवाइकांत कुणाची मोटार बिघडली तर आधी बाबांना फोन येतो. त्यांना साधं ऑइल दिसलं नाही, असं तिच्यासमोर बोलायचं? आणि मी न बघताच हो म्हटलं, हे कबूल करायचं?

"हो," मी म्हटलं. "बघितलं."

बाबांनी मान हलवली आणि गाडी पुढे काढली.

समोर भावडबारीचा घाट. घाट तसा मोठा नाही, पण चढाला इंजिनावर जोर येतो. टकटक आता आत्यालाही ऐकू येत होती. "भाऊ, हे काय वाजतंय रे?" "काही नाही, टॅपेट." मागून एक ट्रक चिकटून येत होता. मी खिडकीचा दांडा घट्ट धरला होता. वळणावर इंजिन जाम झालं तर? ब्रेक लागतील का? स्टिअरिंग वळेल? मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. माझ्या खोट्या भिडेपायी तीन माणसं घाट चढत होती, आणि त्यातली दोन मजेत होती.

"बाबा, थांबवा!" मी इतक्या जोरात ओरडले की आत्याच्या मांडीवरचा खोका खाली पडला. "आत्ताच्या आत्ता थांबवा!"

त्यांनी विचारलं नाही. पुढे रस्त्याकडेला एक सपाट तुकडा होता, तिथे गाडी घेतली आणि बंद केली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"दहा मिनिटं जाऊ दे, तेल खाली उतरू दे," बाबा म्हणाले. म्हणजे हे तेलाचंच आहे, हे त्यांना कळलं होतं. ती दहा मिनिटं आत्या अधूनमधून घड्याळ बघून पुटपुटत होती, "बारा वाजता मुहूर्त हाय, बारा वाजता."

मग बाबांनी बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. पुसायला काही मिळेना, तर मी पर्समधलं ते फडकं काढून दिलं. त्यांनी पुसली, घातली, काढली, डोळ्यांसमोर आडवी धरली. बराच वेळ धरली.

"फुल आहे," ते म्हणाले.

मी वाकले. पट्टी कोरडी होती. टोकाला तेवढं तेल लागलेलं, खालच्या रेघेपासूनही कितीतरी खाली.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "काहीच नाहीये. आणि सकाळी मी बघितलंच नव्हतं. कित्येक रविवार बघितलं नाही."

वाटलं, आता चिडतील. माझे बाबा चिडले की चार घरांना ऐकू जातं. पण ते पट्टीकडे बघत राहिले, म्हणजे तिच्यावरची रेघ जिथे असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे.

"मला ती रेघ दिसत नाही," ते म्हणाले. "लांबचं दिसतं, रस्ता दिसतो. जवळचं सगळं पुसट झालंय. वर्ष होऊन गेलं असेल."

"मग फुल आहे असं का म्हणता?"

"सवयीनं. आणि लाजेनं, दुसरं काय." त्यांनी फडक्याची घडी केली. "पण मी चुकलो तर तू सांगशील, असं धरून होतो. तू बरोबर म्हणतेस म्हणून तर मी किल्ली फिरवतो."

एक लिटरचा डबा ते गाडीत नेहमी ठेवतात. तो मी काढला आणि निम्मा ओतला. घाईत थोडं बाहेर सांडलं. तेल खाली उतरेपर्यंत आम्ही पुन्हा थांबलो. मग त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी पुसली, घातली, काढली, आणि उन्हाकडे धरून बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि त्या पाण्यातून मलाही रेघ दिसत नव्हती.

आत्या खिडकीतून डोकं काढून ओरडली, "अगं पोरी, भाऊ थांबलाय ना. सांग की त्याला, किती हाय!"